मालवणला जाऊ, पण पाण्यात कुठे उतरू?

(मंडळाच्या एप्रिलमधील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा संपल्या की बेळगावची निम्मी वाहनं वेंगुर्ला रोडला लागतात. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत चार-साडेचार तासांत मालवण. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे खायचे आणि पाण्यात डुंबायचं. किल्ल्याची माहिती सगळ्यांना असते. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, हे आमच्या चौथीतल्या पोरांनाही पाठ आहे. माशांची माहिती तर विचारूच नका, कुठल्या खानावळीत सुरमई ताजी मिळते यावर इथे दोन तास भांडण होऊ शकतं. पण पाण्यात कुठे उतरायचं, हा प्रश्न आपण गाडी लावल्यावर, चप्पल हातात घेतल्यावर विचारतो. आज आम्ही फक्त तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कामावरची पाच माणसं आणि त्यांची घरची मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलो. बंधारे, कालवे, तलाव यांतच नोकरीची वीस वर्षं गेली. पंधराएक वर्षं आम्ही सगळे मिळून मालवणला जातो. समुद्राचे तज्ज्ञ आम्ही नाही. पण साठलेलं पाणी कुठून वाट काढतं हे बघणं आमचं रोजचं काम आहे, आणि तिथेच सगळी गोम आहे.

एप्रिल २०१७ ची आठवण इथे काढावीच लागेल. आपल्याच शहरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांची सहल मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर उतरली होती. आठ जण परत आले नाहीत. ती घरं आपल्या शहरातली आहेत, म्हणून आम्ही त्याबद्दल अधिक काही बोलणार नाही. त्या मुलांचं काय चुकलं, हे इथे पंख्याखाली बसून सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्यानंतरही आपल्याकडे लोक काय म्हणतात? "वायरीला जाऊ नका, तारकर्लीला जा, ती चांगली आहे." इतकंच. नाव बदललं की धोका टळला, असं आपण धरून चालतो. हे काही खरं नाही. वायरी आणि तारकर्ली हा एकाला एक लागून असलेला किनारा आहे. गावाची हद्द समुद्राला कळत नाही. किनारा निवडायचा म्हणजे गावाचं नाव निवडायचं नाही, त्या किनाऱ्यावरची शंभर-दोनशे फुटांची जागा निवडायची, आणि तीसुद्धा त्या दिवसापुरती, त्या वेळेपुरती.

आता तो पाण्याचा हिशेब सांगतो. बंधाऱ्याला सांडवा का ठेवतात? जादा पाणी एका ठरावीक जागेतून निघून जावं म्हणून. समुद्रातही तसंच असतं. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचा लांब बांध तयार झालेला असतो. लाटा त्या बांधावर फुटतात आणि पाणी अलीकडे, आपल्या बाजूला ढकलतात. लाटेमागून लाट येते, पाणी साठत जातं. ते परत जाणार कुठून? बांधाला जिथे फट आहे तिथून. सगळीकडचं पाणी किनाऱ्याच्या कडेकडेने त्या फटीपर्यंत येतं आणि तिथून जोरात आत जातं. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. हा समुद्राचा सांडवा. त्याची रुंदी कधी एका खोलीएवढी, कधी चांगली रस्त्याएवढी. जोर आला की पोहण्याच्या स्पर्धेत पदक मिळवणाऱ्यालाही त्याच्या उलट पोहता येत नाही. तो माणसाला पाण्याखाली ओढत नाही, वरच्यावर आत नेतो. माणूस बुडतो तो उलट पोहून पोहून दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे.

आणि आता नीट ऐका. त्या फटीवर पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये हा शांत, गुळगुळीत, जरा गडद पट्टा. मुलाबाळांना घेऊन आलेला माणूस काय विचार करतो? "इथे लाटा कमी आहेत, पोरांना इथेच उतरवू." म्हणजे बरोबर सांडव्याच्या तोंडाशी. आम्ही किनाऱ्यावर उभं राहून हे दर वर्षी बघतो. आई-वडील चांगले शिकलेले असतात, काळजीवाहू असतात, आणि काळजीपोटीच ती जागा निवडतात.

म्हणून पहिली गोष्ट, गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात जायचं नाही. वाळूच्या उंचवट्यावर किंवा सुरूच्या झाडाखाली पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही, फेस आणि कचरा किनाऱ्याकडे येतोय की एखाद्या जागी आत चाललाय, वाळू ढवळून गढूळ झालेला पट्टा कुठे आहे, हे बघायचं. कालव्याच्या पाण्याचा वेग मोजायला आम्ही फ्लोट टाकतो, म्हणजे तरंगणारी वस्तू टाकून मोजलेलं अंतर ती किती सेकंदांत कापते ते बघतो. तेच इथे करा. नारळाचं एक सोडण गुडघाभर पाण्यात फेका आणि बघत राहा. ते डुलत डुलत परत पायाशी आलं तर ठीक. कडेने सरकत जाऊन एका जागी आत निघालं, तर ती जागा कळली. तिथून चांगलं लांब व्हायचं. पोरांना हा खेळ फार आवडतो, त्यामुळे पंधरा मिनिटं बसा म्हणून दटावावं लागत नाही.

आता मालवणच्या आसपासचे किनारे एकेक घेऊ.

किल्ल्यापासून सुरुवात करू. किल्ल्याभोवती पोहायचा विचारच नको. पाण्याखाली खडक आहेत, प्रवाळ आहे, होड्यांची सतत ये-जा आहे. किल्ल्यात पश्चिमेच्या अंगाला राणीची वेळा म्हणून वाळूचा लहानसा तुकडा आहे. ताराराणी तिथे समुद्रस्नानाला जात, असं सांगतात. तो बघावा, फोटो काढावा आणि परत फिरावं. होडीवाला तासाभरात परत बोलावतो, आणि पलीकडे सगळा उघडा समुद्र आहे.

मालवण शहराच्या उत्तरेला चिवला बीच. अर्धचंद्राकार किनारा आणि पाण्यात पसरलेले खडक. हे खडक लाटेचा जोर आधीच मोडतात, त्यामुळे इतर ठिकाणांपेक्षा पाणी पुष्कळदा निवांत असतं. डिसेंबरात इथे समुद्रातल्या पोहण्याच्या मोठ्या स्पर्धा भरतात, त्या काही उगाच नाहीत. लहान मुलं असतील तर आमची पहिली पसंती चिवल्याला. पण दोन गोष्टी सांभाळा. खडकाजवळ जायचं नाही, कारण कालवं पायाला सुरीसारखी कापतात आणि लाट माणसाला खडकावर आपटते. दुसरं म्हणजे किनारा शहराला लागून आहे. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारा. एखादी नाली समुद्राला मिळताना दिसली, तर तिच्यापासून दोन-तीनशे पावलं लांब उतरा. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी पोहणं टाळाच. पहिला पाऊस गावातली सगळी घाण समुद्रात आणून सोडतो.

बंदराच्या दक्षिणेला दांडीचा किनारा. समोर किल्ला असल्याने पाणी बरंच आडोशाचं. पण ही गाबीत मंडळींची कामाची जागा आहे. होड्या लागतात, रापण ओढली जाते, मासळी निवडली जाते. त्यात स्कूबा आणि स्नॉर्केलिंगच्या होड्या. आपल्या अंगणात परक्या माणसांनी टॉवेल पसरले तर आपल्याला कसं वाटेल? तिथे सकाळी रापण ओढताना बघावी, कुणी "धर रे दोरी" म्हटलं तर हात लावावा. पोहायला ती जागा नव्हे. होडीचा पंखा पाण्यातल्या माणसाचं डोकं बघत नाही.

मग वायरी आणि तारकर्ली. लांबलचक, सरळ, पांढऱ्या वाळूचा किनारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी इतकं नितळ असतं की छातीभर पाण्यात पायाची बोटं दिसतात. याच नितळपणामुळे तारकर्लीचं नाव झालं. पण नितळ पाणी आणि सुरक्षित पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनारा उघडा आहे, वाळूचे बांध दर हंगामात जागा बदलतात, गेल्या वर्षीची चांगली जागा यंदा चांगली असेलच असं नाही. इथे उतरायचंच असेल तर जिथे वस्ती आहे, जिथे स्थानिक माणसं दिवसभर किनाऱ्यावर असतात, अशा ठिकाणी. वॉटर स्पोर्ट्सच्या होड्या जिथून सुटतात तिथून बाजूला. आणि मोठ्यांनी कंबरेपर्यंत, लहानांनी गुडघ्यापर्यंत. गोव्यात प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेले जीवरक्षक आहेत, लाल-पिवळे झेंडे लावून पोहण्याची जागा दाखवलेली असते. तशी सलग व्यवस्था इथे प्रत्येक किनाऱ्यावर नाही. जिथे जीवरक्षक दिसेल तिथेच उतरा. त्याने शिट्टी मारली तर त्याच्याशी बेळगावी बाण्याने वाद घालू नका. त्याला पर्यटनाचा पगार मिळत नाही, तुम्हाला वाचवण्याचा मिळतो.

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. दिसायला याच्यासारखी जागा नाही. पोहायला याच्याइतकी वाईट जागाही नाही. भरतीला खाडीत शिरलेलं पाणी ओहोटीला त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण उघडलेलं गेट. तळाची वाळू रोज हलते, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर डोक्यावर पाणी. संगम होडीतून, अंगात लाइफ जॅकेट घालून बघावा. जॅकेटचे पट्टे नीट बांधलेले हवेत, नुसतं खांद्यावर टाकलेलं नको. गळ्यात घट्ट होतं म्हणून पट्टा सोडणारे काका प्रत्येक होडीत एक तरी असतात.

उत्तरेला तोंडवळी-तळाशील आहे. गड नदीची खाडी आणि समुद्र यांमधला हा किनारा. गर्दी नाही, वाळू स्वच्छ, सुरूचं बन. स्वच्छतेचे गुण द्यायचे तर आम्ही यालाच पहिला नंबर देऊ. पण मैलभर माणूस दिसत नाही. हाक मारली तर ऐकणार कोण? तिथे चालावं, सूर्यास्त बघावा, फार तर पाय भिजवावेत. स्वच्छ आणि निर्जन किनारा हा पोहण्यासाठी गर्दीच्या किनाऱ्यापेक्षा वाईट, असं आमचं स्पष्ट मत आहे. यावर आमच्यातच एकमत नाही, पण बहुमत आहे.

ज्यांना जीवरक्षक, पाण्याची तपासणी, आखलेली जागा हे सगळं एकत्र हवं असेल, त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात होन्नावरजवळचा कासरकोड किनारा आहे. २०२० मध्ये देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं, त्यात तो होता. मालवणपेक्षा लांब पडतो, पण आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर विचार करावा.

आता वेळ. आपल्या घरात पंचांग असतं, त्याचा इथे उपयोग आहे. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. तासाभराचा फरक पडतोच, नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळे ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ये-जा कमी. आम्ही सहल ठरवताना रजेच्या अर्जाबरोबर पंचांगही बघतो आणि शक्यतो भांगाचे दिवस धरतो. पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना. ओहोटी निम्म्यावर आली की त्या वाळूच्या बांधातल्या फटी जोर धरतात, तेव्हा बाहेर.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की समुद्र फिरतो. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यासाठी बंद होतात. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत पोहण्याचं नाव काढू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मच्छीमार होड्या काढतात, म्हणून समुद्र शांत झाला असं आपल्याला वाटतं. तो त्यांच्यासाठी शांत झालेला असतो, तुमच्या-आमच्यासाठी नाही. पावसाळ्यानंतर काही आठवडे जेलीफिशही किनाऱ्याला येतात. डंख झाला तर चोळू नका, वाळू घासू नका, गोडं पाणी घालू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, आणि श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. मे-जूनमध्ये काही वेळा वाळूत डांबराचे गोळे येतात. ते पायाला लागले तर खोबरेल तेलाने निघतात, एवढ्यासाठी कुणी सहल बुडवू नये.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. त्याचा उपयोग परीक्षेतच संपला असं वाटायचं. पण सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि हवा भरलेल्या ट्यूबवर बसलेलं पोर त्या वाऱ्याने बघता बघता आत जातं. ट्यूब, हवेच्या गाद्या, प्लास्टिकची बदकं हे सगळं तलावासाठी. समुद्रावर न्यायचंच नाही.

आपल्याकडे पोहणारे बरेच जण विहिरीत शिकलेले. उडी मारायची, चार हात मारायचे, काठ धरायचा. विहिरीचा काठ चारी बाजूंना असतो. समुद्राला एकच बाजू आहे. म्हणून "आम्हाला पोहता येतं" हे समुद्रावर फारसं उपयोगी पडत नाही. प्रवाहाने आत न्यायला सुरुवात केली, तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे लाटा फुटताना दिसतात तिकडे पोहायचं. त्या लाटाच मग किनाऱ्याकडे आणतात.

आणि वाचवायला जाणाऱ्याचं. एक जण बुडतोय म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच ठिकाणी अनेक जण जातात ते असे. हात धरून साखळीही करू नका. आम्ही दर खेपेला पाच लिटरचे दोन रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन आणि वीस मीटर दोरी नेतो. ते फेकायचं, स्वतः जायचं नाही. शिवाय एक माणूस पाळीपाळीने कोरडा ठेवतो. त्याने कपडे भिजवायचे नाहीत, मोबाइल बघायचा नाही, फक्त डोकी मोजायची. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, आवाज नाही. म्हणून हा कोरडा माणूस लागतोच. ज्याने थोडी जरी घेतली असेल तो पाण्यातही नाही आणि कोरड्या पाळीलाही नाही, तो थेट खोलीवर. हा नियम आमच्यात एकदा मोडला गेला नाही, कारण तो वहिनी मंडळींच्या हातात आहे.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबत बसू नका. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला लागा, दुसऱ्याने ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. हे शिकायला अर्धा दिवस पुरतो. मंडळाने एखाद्या डॉक्टरांना बोलावून, मोठी बाहुली आणून ते प्रत्यक्ष करवून घ्यावं, अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे. मे महिन्याच्या आत झालं तर फार बरं.

ज्यांची तारीख ठरली आहे त्यांनी चहाच्या वेळी पंचांग घेऊन आमच्याकडे या. तिथी बघू, भरतीची वेळ काढू. आणि दोरी विकत घेऊ नका, आमच्याकडे दोन आहेत. फक्त परत आणून द्या, मागच्या वर्षी नेलेली एक अजून कुणाच्या तरी डिकीतच आहे.